धातूचे कोडे भेट द्यायचे आहे : पेटीवरचा आकडा पाहून निवडावे की आणखी काही पाहावे?

वळणवाट (प्रश्न)

नमस्कार.

माझे मामा पुढच्या महिन्यात निवृत्त होत आहेत. त्यांनी ३४ वर्षे लेथवर काम केले, त्यामुळे धातूची कोणतीही वस्तू हातात आली की ती आधी नखाने चाचपायची आणि मगच डोळ्यांनी पाहायची, ही त्यांची जुनी सवय आहे. सुडोकू ते रोज सोडवतात, पण कागदावरच्या कोड्यात हातांना काही कामच नसते, अशी त्यांची तक्रार असते. म्हणून त्यांना धातूचे एखादे कोडे द्यावे, म्हणजे एकमेकांत अडकलेले दोन-तीन तुकडे सुटे करायचे आणि पुन्हा अडकवायचे अशा प्रकारचे, असे माझ्या मनात आहे.

अडचण अशी की हा माझा दुसरा प्रयत्न आहे. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना तारेच्या बारा कोड्यांचा संच दिला होता. पहिली चार त्यांनी एका बैठकीत सोडवली. पाचव्याची तार किंचित ताणताच वाकली आणि कडी अलगद बाहेर आली. ते दोन्ही तुकडे माझ्यापुढे धरून मामा म्हणाले, "हे सुटले की तुटले, ते तूच सांग." उरलेली सात कोडी अजून त्याच पिशवीत आहेत, आणि मामांच्या स्वभावाचा विचार करता ती तिथेच राहतील.

या वेळी तारेऐवजी ओतीव धातूचे कोडे घ्यावे असे वाटते. परंतु पेट्यांवर कठीणपणाचे १ ते ६ असे आकडे असतात, त्यांचा नेमका अर्थ काय घ्यायचा? मामा हुशार आहेत म्हणून थेट सहाव्या पायरीचे घ्यावे, की मधले? एकच चांगले द्यावे की तीन-चार द्यावीत? आणि उत्तराचा कागद सोबत द्यावा की नाही? ज्यांनी अशी कोडी दिली आहेत, किंवा ज्यांना ती मिळाली आहेत, त्यांनी कृपया अनुभव सांगावा.

उलटसुलट

तुमच्या मामांनी विचारलेला प्रश्न या विषयाच्या गाभ्याचा आहे. धातूच्या कोड्यात धातू कधीच वाकत नाही आणि ताकद कधीच लागत नाही. ज्या क्षणी ताकद लावावीशी वाटते, त्या क्षणी आपण वाट चुकलेलो असतो. स्वस्त तारेच्या संचात हा नियमच पाळला जात नाही, कारण तार मऊ असते आणि चुकीच्या वाटेनेही कडी बाहेर पडते. ज्याने आयुष्यभर धातूशी व्यवहार केला त्याला ती फसवणूक वाटणे स्वाभाविक आहे.

आता आकड्यांविषयी. १ ते ६ पायऱ्यांची ही पद्धत मुख्यतः हानायामा या जपानी कंपनीच्या ओतीव कोड्यांमुळे रूढ झाली. कंपनी १९३३ सालची आहे आणि तिची ओतीव कोड्यांची मालिका १९८३ साली सुरू झाली. नोबुयुकी योशिगाहारा या कोडेकाराचा तिच्यात मोठा वाटा होता. तिच्यात 'हुक' पहिल्या पायरीवर आहे, 'ओगिअर' तिसऱ्या, 'हेक्सागॉन' चौथ्या, 'एक्वा' आणि 'रेडिक्स' पाचव्या, तर 'एनिग्मा' आणि 'क्वार्टेट' सहाव्या पायरीवर. आकडा खोटा नसतो, पण तो फक्त किती कठीण ते सांगतो, कशा प्रकारे कठीण ते सांगत नाही. भेट देताना उपयोग असतो तो या दुसऱ्या माहितीचा.

काही कोड्यांमध्ये एकच लपलेली हालचाल असते. ती दिसेपर्यंत तास जातो आणि दिसल्यावर पाच सेकंदांत सगळे संपते. काहींमध्ये वाट लांब असते. प्रत्येक पाऊल साधे असते, पण आपण कुठून आलो आणि कुठे आहोत याचा नकाशा डोक्यात धरून चालावे लागते. तिसरा प्रकार असा की सुटे करणे हा खेळ मानावा आणि पुन्हा जोडणे ही शिक्षा मानावी. सुडोकू आवडणाऱ्या माणसाला बहुधा दुसरा प्रकार मानवतो, कारण तिथे अंदाजाऐवजी शिस्त लागते.

मी स्वतः भेटीसाठी कोडे निवडताना एकच गोष्ट आधी पाहतो : ते चुकून सुटले, तर परत जोडता येईल का? हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याचा धडा मी महागात शिकलो. माझ्या मेहुण्यांना मी मोठ्या हौसेने सहाव्या पायरीचे चार तुकड्यांचे कोडे दिले. ते फोनवर बोलत होते, हात आपोआप चाळा करत होते, आणि पहिल्या दहा मिनिटांतच कोडे त्यांच्या मांडीवर चार तुकड्यांत पडले. ते कसे सुटले हे त्यांना माहीत नव्हते, मला तर नव्हतेच. ते चार तुकडे पुढे कितीतरी महिने त्यांच्या टेबलावरच्या वाटीत किल्ल्यांसोबत होते. न सुटलेले कोडे निदान कोड्यासारखे दिसते, परंतु सुटलेले आणि न जोडता येणारे कोडे भंगारासारखे दिसते.

तत्त्वतः सुटण्याची वाट उलटी चालली की जोडणी होतेच, कारण कोणतीही हालचाल एकतर्फी नसते. (आत गुपचूप पडणाऱ्या पिना किंवा चुंबके असलेली काही कोडी याला थोडा अपवाद आहेत, आणि तीही भेट म्हणून मला आवडत नाहीत. डोळ्यांना काहीच दिसत नसेल तर विचार कशावर करायचा?) पण उलटे चालण्यासाठी वाट आठवावी लागते. म्हणून ज्यांना मी कोडे देतो त्यांना एक युक्तीही सांगतो : पहिल्या काही बैठकांत मोबाइल समोर टेकवून हातांचे चित्रण सुरू ठेवावे. चुकून सुटलेच, तर शेवटचे अर्धे मिनिट मागे नेऊन पाहता येते.

मामांसाठी माझे मत तिसऱ्या किंवा चौथ्या पायरीकडे झुकते, आणि त्यातही 'ओगिअर'कडे. त्यात एक पोकळ घन आहे आणि एक दातेरी चक्र त्याच्या भोकांमध्ये दाते रोवत एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर चालत जाते. योग्य दाता योग्य फटीपाशी आला की चक्र बाहेर पडते. सर्व काही डोळ्यांसमोर घडते, तुकडे दोनच आहेत, आणि चक्राचा दाता खाचेत बसताना जो हलका ठोका हाताला जाणवतो तो लेथवर काम केलेल्या माणसाला ओळखीचा वाटेल.

कानस

मी ओतकामाच्या कारखान्यात काम करतो, म्हणून फक्त धातूविषयी लिहितो.

या कोड्यांसाठी बहुधा जस्ताचा मिश्रधातू वापरतात. तो ४०० अंश सेल्सिअसच्याही खाली वितळतो, पोलादी साच्यात दाबाने भरता येतो, बारीक नक्षी व तीक्ष्ण कोपरे नीट उतरतात आणि हजारो नग जवळजवळ एकाच मापाचे निघतात. कोड्यात मापाला फार महत्त्व आहे. दोन तुकड्यांमधला वाव किंचित जास्त झाला तर आडवाटेनेही तुकडा निसटतो, किंचित कमी झाला तर योग्य वाटेनेही अडतो आणि सोडवणारा ती वाट चुकीची समजून कायमची सोडून देतो. नकली मालात नेमके हे दुसरे होते. मी स्वतः एक असे कोडे तीन आठवडे झुंजून बाजूला ठेवले होते. नंतर खाचेत नख फिरवले तेव्हा मुलाम्याचा एक थेंब सुकून बसलेला हाताला लागला. बारीक पॉलिश पेपरने दोनदा घासले आणि तुकडा लोण्यातून सुरी जावी तसा निघाला. माझी वाट पहिल्या दिवसापासून बरोबर होती.

म्हणून घेताना शक्य असल्यास कोडे हातात घेऊन पाहा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे एक बारीक सांधरेषा राहते. तिच्यावरून नख फिरवा. नख अडत असेल तर सफाई नीट झालेली नाही. तुमचे मामा हे करणारच आहेत, तेव्हा तुम्ही आधी केलेले बरे. तुकडे एकमेकांवर आपटले तर आवाज भरीव यायला हवा. वजनही पाहा. तोच आकार ॲल्युमिनियममध्ये केला तर तो जस्ताच्या मिश्रधातूपेक्षा सुमारे अडीच पट हलका होतो, आणि हलके कोडे हातात खेळण्यासारखे लागते. पितळेचे सर्वांत भारी आणि माझ्या मते सर्वांत देखणे, पण ते काळवंडते. ज्यांना वस्तू पुसत बसायला आवडते त्यांनाच पितळ द्यावे.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्वस्त तारेच्या कोड्यांवरचा पांढरा चकचकीत मुलामा पुष्कळदा निकेलचा असतो आणि काही लोकांच्या त्वचेला निकेल सोसत नाही. ज्यांना घड्याळाच्या पट्ट्याने किंवा कानातल्याने खाज येते, त्यांना तासन् तास हातात धरायची अशी वस्तू देण्यापूर्वी विचारून घ्यावे. आणि कोडे खेळल्यावर हाताला जो 'धातूचा वास' येतो त्याची काळजी नको. तो वास धातूचा नसतोच. आपल्या त्वचेवरच्या तेलकट द्रव्यांचे धातूच्या स्पर्शाने जे विघटन होते, त्याचा तो असतो. हात धुतले की जातो.

अडगळ

मी देणाऱ्यांपैकी नाही, घेणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो.

नोकरीतल्या सहकाऱ्यांनी मला निरोपाच्या वेळी सहाव्या पायरीचे कोडे दिले होते. देताना प्रत्येक जण म्हणाला, "तुमच्यासारख्याला हे सहज जमेल." त्या वाक्याने कोड्याचा जीव गेला. पहिला आठवडा मी उत्साहाने बसलो, दुसऱ्या आठवड्यात कोणी भेटले की "सुटले का?" असे विचारू लागले, आणि तिसऱ्या आठवड्यात मी ते कपाटाच्या वरच्या खणात ठेवले, जेणेकरून पाहुण्यांच्या नजरेस पडू नये. कठीण कोडे देणे हा देणाऱ्याच्या दृष्टीने सन्मान असतो, पण घेणाऱ्याच्या दृष्टीने ती परीक्षा होते, आणि तीही त्याने अर्ज न केलेली.

म्हणून मी आकड्याबाबत उलटसुलट यांच्याशी सहमत आहे, कारण मात्र वेगळे देतो. मधल्या पायरीचे कोडे घ्यावे ते मामांची बुद्धी कमी आहे म्हणून नव्हे, तर ते सुटेपर्यंत देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा उत्साह टिकावा म्हणून. सुटले आणि गोडी लागली तर पुढचे ते स्वतः निवडतील, आणि स्वतः निवडलेल्या कोड्याशी माणूस अधिक चिकाटीने झुंजतो.

एकच द्या. बारांच्या संचात एक अडले की माणूस दुसऱ्याकडे वळतो, मग तिसऱ्याकडे, आणि कोणत्याही एकाशी त्याची ओळखच होत नाही. तुमच्या पिशवीतली सात कोडी त्याचीच साक्ष देत आहेत.

उत्तराविषयी : पेटीत बहुधा नसते, आणि नसते तेच योग्य. तरीही उत्तर कुठेतरी हाताशी आहे हे माहीत असणे मला आवश्यक वाटते. उत्तर पाहण्याची सोय असूनही न पाहण्यात एक निराळी ऐट असते. माझी सूचना अशी की उत्तर छापून घडी घाला, पाकिटात बंद करा आणि पाकीट मामींकडे द्या. मामांना मागावे लागेल, म्हणून ते मागणार नाहीत.

शून्यएक

वरील तिन्ही उत्तरे चांगली आहेत, परंतु सर्वांनी कोडे 'सुटणे' हेच अंतिम मानले आहे. मी गणित शिकवतो आणि मला ज्या कोड्याची शिफारस करावीशी वाटते ते सुटल्यावर संपत नाही, सुटल्यावर सुरू होते. ते म्हणजे नऊ कड्यांचे जुने चिनी कोडे, अथवा त्याची पाच किंवा सात कड्यांची आवृत्ती.

रचना अशी : एका लांबट, दुहेरी दांड्याच्या फासात ओळीने कड्या अडकवलेल्या असतात, आणि प्रत्येक कडीची काडी तिच्या शेजारच्या कडीतून खाली एका पट्टीत उतरलेली असते. त्यामुळे कोणतीही कडी मनाला येईल तेव्हा काढता येत नाही. टोकाची पहिली कडी केव्हाही काढता किंवा घालता येते. इतर कोणतीही कडी हलवायची असेल तर तिच्या लगेच आधीची कडी दांड्यावर असली पाहिजे आणि त्याआधीच्या सर्व कड्या उतरलेल्या असल्या पाहिजेत. नियम एवढाच.

तीनच कड्या आहेत असे समजून मनातल्या मनात करून पाहा. पहिली काढा. आता दुसरी दांड्यावर आहे आणि तिच्याआधीची उतरलेली आहे, म्हणून तिसरी काढता येते. दुसरी काढायची तर पहिली दांड्यावर हवी, म्हणून नुकतीच काढलेली पहिली परत घाला. दुसरी काढा. शेवटी पहिली काढा. पाच हालचाली झाल्या, आणि त्यातली एक चक्क मागे जाणारी होती. ज्याला मागे जाणे मनाविरुद्ध वाटते तो इथेच अडतो. पाच कड्यांना २१ हालचाली लागतात, सातांना ८५ आणि नऊंना ३४१. पहिल्या दोन कड्या एकदम काढता-घालता येतात. ती एकच हालचाल धरली तर हेच आकडे १६, ६४ आणि २५६ होतात, म्हणजे दोनाचे घात.

या कोड्याचे वर्णन इटलीच्या कार्दानो यांनी १५५० साली केले, पुढे इंग्लंडच्या जॉन वॉलिस यांनी त्यावर लिहिले, आणि १८७२ साली फ्रान्सच्या लुई ग्रो यांनी दाखवले की कडी दांड्यावर असेल तर १ आणि उतरलेली असेल तर ० लिहिले, तर संपूर्ण कोडे द्विमान अंकांत मांडता येते. प्रत्येक हालचालीत नेमका एकच अंक बदलतो. अंकांची हीच मांडणी विसाव्या शतकात फ्रँक ग्रे यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली आणि यंत्रांचे कोन व स्थिती मोजण्यासाठी वापरली जाते. तुमच्या मामांनी संगणकावर चालणारी लेथ हाताळली असेल, तर या कड्यांची एक चुलत बहीण त्यांच्या यंत्रात असण्याची शक्यता आहे.

उलटसुलट यांच्या कसोटीवरही हे कोडे उतरते. फोनवर बोलता बोलता २१ हालचाली अचूक क्रमाने चुकून घडत नाहीत. आणि अर्ध्यावर सोडून झोपायला गेले तरी दुसऱ्या दिवशी कड्यांकडे पाहूनच आपण कुठे होतो ते कळते. नऊ कड्यांचे मात्र पहिल्यांदा देऊ नका. ३४१ हालचालींत एकदा दिशा चुकली की माणूस बराच वेळ चालून पुन्हा आरंभी येतो, आणि ते त्याला उशिरा कळते. पाच कड्या पुरेत.

वळणवाट

सर्वांचे मनापासून आभार. इतक्या आपुलकीने उत्तरे मिळतील अशी अपेक्षा नव्हती.

दोन गोष्टी मी आधी सांगायला हव्या होत्या. पहिली, मामांच्या उजव्या हाताचा अंगठा अलीकडे दुखतो, विशेषतः काही चिमटीत घट्ट धरावे लागले तर. दुसरी, घरात दीड वर्षाची नात आहे आणि ती सध्या प्रत्येक वस्तूची चव घेऊन पाहते. यामुळे निवडीत काही फरक पडेल का? कड्यांचे कोडे मला फार आवडले, कारण मामांना नियम कळला की त्यामागचे गणितही ते शोधत बसतील. पण 'ओगिअर'चा दाता खाचेत बसतानाचा ठोका मनातून जात नाही.

कानस

फरक पडेल, आणि बराच पडेल.

अंगठा दुखत असेल तर कड्यांचे कोडे टाळा, निदान लहान आकाराचे तरी. त्यात कडी तिरपी करून दांड्याच्या फटीतून खाली सोडावी लागते, ती चिमटीनेच, आणि एका फेरीत अनेकदा. दोन भरीव तुकड्यांचे कोडे तळव्यात धरता येते आणि बोटांच्या पेरांनी ढकलता येते. पण फार जड पितळेचेही नको. अर्धा तास उचलून धरले की वजन अंगठ्याच्या मुळाशीच येते. तळव्यात मावणारे, गोलसर कडांचे, जस्ताच्या मिश्रधातूचे मध्यम वजनाचे कोडे ठीक राहील. मांडीवर जाड कापड अंथरून त्यावर ठेवून खेळले तर हाताला आणखी आराम मिळतो, आणि तुकडा पडला तर फरशीही वाचते.

बाळाबाबत कडक राहा. सुटे झाल्यावर कोणताही तुकडा तोंडात मावेल असा नसावा. छोटे गोळे, सुट्या पिना आणि चुंबके असलेली कोडी त्या घरात नेऊच नका. चुंबके तर सर्वांत वाईट, कारण दोन गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना चिकटतात आणि मधल्या भागाला भोक पडू शकते. आणि कोडे कितीही मोठे असले तरी बाळाच्या हाती देण्याची वस्तू ती नव्हेच. दीड वर्षाच्या मुलाने फेकलेला धातूचा तुकडा पायावर पडला की काय होते ते मी अनुभवले आहे.

शून्यएक

अंगठ्याचे कारण मान्य. माझी शिफारस मी मागे घेतो, आणि मागे जाण्याची हालचाल मला जमते हेही यानिमित्ताने सिद्ध होते. अंगठा बरा झाला की मोठ्या कड्यांचे पाहा.

उलटसुलट

मग दोन तुकड्यांचे, तिसऱ्या-चौथ्या पायरीचे, डोळ्यांसमोर सर्व घडणारे, एवढे पक्के झाले. एक छोटी भर : देण्यापूर्वी तुम्ही स्वतः ते सोडवून पाहू नका. मोह होतो, मीही पूर्वी करत असे. पण आपण सोडवलेले असले की समोरचा चुकीच्या दिशेने जाताना आपला चेहरा बोलतो, आणि मामांसारखा माणूस कोड्याकडे न पाहता तुमच्या चेहऱ्याकडे पाहू लागेल.

वळणवाट

सहा आठवड्यांनंतर लिहीत आहे, कारण शेवट न सांगता धागा तसाच सोडणे बरे वाटेना.

'ओगिअर' दिले. मामांनी पेटी उघडली, कोडे बाहेर काढले आणि अपेक्षेप्रमाणे आधी सांधरेषेवरून नख फिरवले. "साचा चांगला आहे," एवढेच म्हणाले आणि खिशात टाकले. उत्तराचे पाकीट मामींकडे दिले होते. मामींनी ते शिवणयंत्राच्या खणात ठेवले आणि मामांना मुद्दाम सांगूनही ठेवले. मोबाइलवर चित्रण करण्याची युक्ती मी सांगितली तेव्हा ते नुसते हसले.

मी ठरवल्याप्रमाणे एकदाही विचारले नाही. अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांचा फोन आला. "सुटले," ते म्हणाले. "तुटले नाही, सुटले." मी काही बोलणार तोच पुढे म्हणाले, "आता परत बसत नाही. तू मधे बोलू नकोस, आणि मामीला सांग, तो खण बंदच राहू दे."